प्रवास कशाने स्वस्त पडतो? वाचकांचे प्रश्न, हिशेबासकट उत्तरं

मागच्या अंकात प्रवासखर्चाबद्दल प्रश्न मागवले आणि पत्रांचा गठ्ठाच आला. बहुतेकांचं विचारणं एकच : ट्रेन, विमान, बस आणि स्वतःची गाडी यांत स्वस्त काय? माझी सगळी नोकरी एका प्रवासी वाहतूक संस्थेच्या हिशेब खात्यात गेली. एका फेरीला डिझेल किती, टायर किती झिजला, चालकाचा पगार किती किलोमीटरवर पसरला, हेच तक्ते मी वर्षानुवर्षं मांडले. त्यामुळे या प्रश्नांना वरवरची उत्तरं देणं मला जमणार नाही.

पत्रं निरनिराळ्या गावांतून आली आहेत, काही परदेशांतूनही. भाव सगळीकडे वेगळे. म्हणून हिशेब मी पेट्रोलच्या लिटरमध्ये मांडला आहे. तिकिटाची रक्कम तुमच्याकडच्या एका लिटरच्या भावाने भागा, म्हणजे ते तिकीट किती लिटरचं ते कळेल. खाली घेतलेले तिकिटांचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे घालून तेच गणित पुन्हा करा.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं. मी, यजमान, सोळा वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी. सहाशे किलोमीटरवर नणंदेकडे तीन दिवस जायचं आहे. यजमान म्हणतात, गाडी दारात आहे, पेट्रोल तेवढं घालायचं, चार तिकिटांपेक्षा स्वस्तच पडणार. मला ते पटत नाही, पण कुठे चुकतंय ते सांगता येत नाही.

यजमानांचं निम्मं बरोबर आहे. गाडी दारात आहे, तिचा विमा भरलेला आहे. ती गेली काय नि उभी राहिली काय, तो खर्च होणारच. तो या प्रवासावर टाकायचा नाही. पण फक्त पेट्रोल धरणं हेही बरोबर नाही, कारण चाक फिरलं की पेट्रोलखेरीज आणखीही बरंच काही खर्च होतं.

आता आकडे घेऊ. जाऊन-येऊन १२०० किलोमीटर. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं धरलं तर ८० लिटर पेट्रोल. टायरचा संच साधारण ४०,००० किलोमीटर चालतो, म्हणजे या प्रवासात त्याचे तीन टक्के संपले. दर १०,००० किलोमीटरला सर्व्हिसिंग करत असाल तर एका सर्व्हिसिंगचा आठवा भाग याच प्रवासाच्या नावावर पडतो. ब्रेक, क्लच, ऑइल आहेच. शिवाय गाडी विकताना घेणारा पहिल्यांदा मीटर बघतो, तिथेही १२०० किलोमीटर जातात. हे सगळं मिळून पेट्रोलच्या निम्मं धरावं, असा माझा ठोकताळा आहे. गाडी जुनी असेल तर थोडं जास्त. म्हणजे ८० आणि ४०, झाले १२० लिटर. टोल आणि पार्किंगचे १० धरा. तिकडे तीन दिवसांत शंभरेक किलोमीटर फिराल, त्याचे ७. एकूण १३७.

आता ट्रेन. येण्या-जाण्याचं तिकीट माणशी २५ लिटरचं असेल तर चौघांचे १०० झाले. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते नणंदेचं घर, दोन्ही बाजूंनी मिळून टॅक्सीच्या चार खेपा, प्रत्येकी ४ लिटर, म्हणजे १६. तिकडे फिरायला टॅक्सीचे रोजचे ६, तीन दिवसांचे १८. एकूण १३४.

तर यजमानांच्या मते ८० विरुद्ध १००, प्रत्यक्षात १३७ विरुद्ध १३४. फरक नाहीच म्हणायचा. तिघंच जाणार असाल तर ट्रेन १०९ वर येते आणि सरळ जिंकते. पाच जण झाले तर ट्रेन १५९ वर जाते आणि गाडी १३७ च्या आसपासच राहते. गाडीचा खर्च गाडीमागे असतो, तिकिटाचा माणसामागे. चार माणसं हा बऱ्याचदा काठावरचा आकडा ठरतो.

बरोबरी झाल्यावर मी पैशांकडे बघतच नाही, चालवणाऱ्याकडे बघते. सहाशे किलोमीटर म्हणजे ताशी साठच्या सरासरीने दहा तास, आणि दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबायलाच हवं, ते धरून अकरा. एकटे यजमानच चालवणार असतील तर तीन दिवसांच्या मुक्कामाच्या दोन्ही टोकांना अकरा-अकरा तास त्यांनी रस्त्यावर नजर खिळवून बसायचं. घरात ही मेहनत कुणी खर्चात धरत नाही, कारण तिची पावती मिळत नाही. तुम्हीही चालवत असाल तर गोष्ट वेगळी.

आणि गाडीनेच गेलात तर वेगावर लक्ष ठेवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून ११० वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट होतो. टपावर सामान बांधलं तर आणखी. मग १५ चा ॲव्हरेज धरून केलेलं वरचं गणित उरत नाही.

प्रश्न : मी एकटा प्रवास करतो. परवा बघितलं तर विमानाचं तिकीट ट्रेनच्या वरच्या वर्गापेक्षा स्वस्त. हे कसं परवडतं त्यांना? इंधन तर विमानाला भरमसाट लागत असेल ना?

वाटतं तेवढं लागत नाही, हे आधी सांगते. एअरबस ए३२० सारखं १८० आसनांचं विमान हवेत स्थिरावल्यावर तासाला ढोबळमानाने ३,००० लिटर इंधन जाळतं. आकडा प्रचंड वाटतो, पण त्या तासात ते आठशेहून जास्त किलोमीटर जातं. भागाकार केलात तर १०० किलोमीटरमागे एका आसनाला दोन लिटर, चढाईचं इंधन मिळवून अडीच धरा. तुम्ही लिटरला १५ देणाऱ्या गाडीत एकटे बसून गेलात तर त्याच अंतराला पावणेसात लिटर लागतात. गाडीत चौघं बसले तर माणशी पावणेदोनच्या आत. म्हणजे एकट्याची गाडी विमानापेक्षा कितीतरी जास्त जाळते आणि भरलेली गाडी विमानापेक्षा कमी. अंतर थोडं असेल तर मात्र विमानाचा आकडा वाढतो, कारण वर चढण्यातच बरंच इंधन जातं आणि ते नंतर पसरायला किलोमीटर उरत नाहीत.

पण तिकिटाचा दर इंधनावर ठरत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण हटवायला सुरुवात झाली. मग पीपल एक्स्प्रेस नावाच्या नव्या कंपनीने अतिशय स्वस्त तिकिटं काढली. तिला तोंड देण्यासाठी १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने एक युक्ती केली. विमानातली काही आसनंच तितक्या कमी दरात ठेवली, तीही खूप आधी घेणाऱ्यांना आणि पैसे परत न मागण्याच्या अटीवर. बाकीची आसनं आयत्या वेळी येणाऱ्या, कामानिमित्त जाणाऱ्या प्रवाशांसाठी चढ्या दराने राखली. किती आसनं कोणत्या दराची हे संगणक रोज ठरवू लागला. पुढच्याच वर्षी पीपल एक्स्प्रेस विकली गेली. तुम्ही परवा बघितलेला दर त्याच पद्धतीचा आहे. तो त्या विमानाचा दर नव्हे, उरलेल्या काही आसनांचा आहे, आणि तोही त्या घडीचा.

आकाशात रूळ टाकावे लागत नाहीत, हा दुसरा भाग. ट्रेनच्या तिकिटावर रूळ, सिग्नल, पूल, स्टेशनं आणि ते सांभाळणारी माणसं या सगळ्यांचा भार असतो, कुठे थोडा, कुठे पुष्कळ. विमानाला दोन टोकांची विमानतळं आणि मधलं नियंत्रण एवढ्याचं शुल्क पडतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना आणखी एक सवलत आहे. १९४४ च्या शिकागो करारात विमानात आधीपासून असलेल्या इंधनावर उतरलेल्या देशाने कर लावू नये असं ठरलं. पुढे देशादेशांतल्या करारांनी ती सूट भरलेल्या इंधनालाही दिली. तुमच्या गाडीतल्या पेट्रोलवर बहुतेक देशांत घसघशीत कर असतो.

ट्रेनच्या वरच्या वर्गाबद्दलही तुम्ही विचारलंत. ज्यूल द्युप्युई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्येच हे लिहून ठेवलं आहे. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसायचं, बसायला लाकडी बाकं. त्याचं म्हणणं असं की, छपराला लागणारे थोडे पैसे वाचवायचे म्हणून रेल्वे कंपन्या हे करत नव्हत्या. दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्या माणसाने तिसऱ्यात बसू नये म्हणून ते डबे मुद्दाम तसे ठेवले जात. त्रास गरिबाला, धाक श्रीमंताला. वरच्या वर्गाच्या भाड्यात सोयीची किंमत असतेच, पण वरच्या माणसाला खाली उतरू न देण्याचीही असते. म्हणून विमानाशी तुलना करताना ट्रेनचा सर्वात वरचा वर्गच धरायचं कारण नाही. तुम्ही खरोखर ज्या वर्गात बसाल तो धरा.

आता विमानाच्या तिकिटात नसलेल्या गोष्टी. सामानाची बॅग, पसंतीची जागा, शहराबाहेरच्या विमानतळापर्यंतची टॅक्सी, तिकडे पुन्हा टॅक्सी. एकट्या माणसाला टॅक्सी फार जाचते, कारण ती वाटून घ्यायला कुणी नसतं. बॅग मात्र कुटुंबालाच जास्त जाचते, ती प्रत्येकाची वेगळी. परतताना बॅगेचं वजन वाढलेलं असतं आणि काउंटरवर जादा किलोंचा दर तिकिटाच्या मानाने फार चढा असतो. तो आधीच ऑनलाइन भरला तर बहुतेक कंपन्यांकडे कमी पडतो. एवढं सगळं मिळवून मग ट्रेनशी ताडून बघा. एकटे असाल, सामान पाठीवरचं असेल, अंतर हजार किलोमीटरच्या वर असेल आणि तिकीट आधी काढता येत असेल, तर विमान खरंच स्वस्त पडू शकतं.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. दर महिन्याला तीनशे किलोमीटरवर घरी जाते. बस मला सोयीची वाटते, पण घरचे म्हणतात बस म्हणजे पैसे वाचवायचं साधन, ट्रेननेच ये. काकू, तुमचं मत काय?

तू काकू म्हणालीस, तर मनापासून सांगते. बसला लोक उगीच कमी लेखतात, याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे.

लांब पल्ल्याची बस लिटरला साधारण चार किलोमीटर देते. १०० किलोमीटरला २५ लिटर. ४५ आसनं धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या लिटरहून किंचित जास्त. बस निम्मी रिकामी धावली तरी सव्वा लिटरच्या आतच. चौघांनी भरलेली गाडीसुद्धा याच्या जवळ येत नाही, विमान तर नाहीच. ट्रेनची गोष्ट निराळी. पोलादी चाक पोलादी रुळावर जेमतेम नखाएवढ्या जागेत टेकतं, त्याचा घर्षणविरोध रबरी टायरच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाइतका. डबे भरलेले असतील तर ट्रेनला तोड नाही. पण ट्रेनला रूळ लागतो, तो सगळीकडे नाही. बसला रस्ता पुरतो.

त्यातही एक गोष्ट लपवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. बसच्या तिकिटात रस्त्याचा पूर्ण खर्च नसतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान खास रस्ते बांधून त्यांवर लष्करी चालकांकडून ट्रक सतत चालवून पाहिले. त्या चाचणीतून निघालं की, रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट, तर झीज सोळापट. बस जड असते. तिने केलेली झीज तिचे प्रवासी पूर्णपणे भरत नाहीत, सगळे करदाते भरतात. तरी पंचेचाळीस जणांनी वेगवेगळ्या गाड्या काढल्या तर किती रस्ता लागेल आणि किती कोंडी होईल, ते बघता हा भार मला रास्त वाटतो.

तुझ्यासाठी व्यवहाराचं सांगते. तीनशे किलोमीटरला मी तिकिटाआधी वेळापत्रक बघेन. बस दर तासाला असेल आणि ट्रेन दिवसातून दोनदा, तर शेवटचं लेक्चर चुकवून ट्रेन गाठण्यापेक्षा बस बरी. आणि पोचायची वेळ बघ. रात्रीची बस पहाटे तीनला सोडत असेल तर तिथून घरापर्यंत कशी जाणार? टॅक्सी करावी लागली तर ती बसच्या तिकिटाएवढी व्हायची, आणि उजाडेपर्यंत थांबायचं तर कुठे? ही किंमत मुलींनाच जास्त मोजावी लागते, म्हणून ती हिशेबात लिहायचीच. घरच्यांची काळजी बहुधा इथेच असेल. त्यांना सांग, दिवसाची बस घेते, उजेडात पोचते. रात्री जायची वेळ आली आणि ट्रेन सकाळी सातला पोचवत असेल, तर ट्रेन घे, जास्त पैसे पडले तरी.

प्रश्न : नोकरीला तीन वर्षं झाली. गाडी घ्यावी असं चाललंय. वर्षाला फार तर सहा हजार किलोमीटर फिरणं होईल. मित्र म्हणतात, टॅक्सी आणि ट्रेनवर घालवतोस त्यात पेट्रोल निघेल. खरं का?

पेट्रोल निघेल. गाडी निघणार नाही.

नवी गाडी ८,००० लिटर पेट्रोलच्या किमतीची आहे असं धरू. पाच वर्षांनी विकलीस तर सर्वसाधारणपणे निम्मी किंमत येते, आणि त्यातला मोठा घसारा पहिल्याच वर्षी जातो. म्हणजे पाच वर्षांत ४,००० लिटर गेले, वर्षाला ८००. सहा हजार किलोमीटरला पेट्रोल किती लागलं? ४०० लिटर. गाडी नुसती जुनी होण्याचा खर्च पेट्रोलच्या दुप्पट! त्यात विमा वर्षाला २०० लिटरचा, सर्व्हिसिंग आणि टायर १०० चे. झाले १,५००. किलोमीटरमागे पाव लिटर. कर्ज काढलंस तर व्याज याच्या वर, आणि पार्किंगची जागा भाड्याने घ्यावी लागली तर तेही.

या पाव लिटरवर बोट ठेव. तुझ्याकडे टॅक्सी किलोमीटरमागे पाव लिटरहून कमी घेत असेल तर सगळे सहा हजार किलोमीटर टॅक्सीने फिरलास तरी गाडीपेक्षा स्वस्त, आणि तुझ्या सहा हजारांतले निम्मे तर ट्रेनचे असणार. फिरणं वीस हजारांवर गेलं की चित्र पालटतं. घसारा थोडा वाढून हजार झाला, पेट्रोल साडेतेराशेच्या आत, विमा तोच, टायर-सर्व्हिसिंग सव्वातीनशे, तरी किलोमीटरमागे खर्च लिटरच्या सातव्या हिश्शावर उतरतो. गाडीला किलोमीटर लागतात. थोडं फिरणाऱ्याच्या हातात ती महागडीच राहते.

पाच वर्षं जुनी गाडी घेतलीस तर घसारा निम्म्यावर येतो, दुरुस्ती वाढते. सहा हजारवाल्याने गाडी घ्यायचीच ठरवली असेल तर मी हाच रस्ता सुचवेन. विजेवरच्या गाडीला किलोमीटरचा ऊर्जाखर्च कमी, पण थोडं फिरणाऱ्याला तो फायदा वसूल करायला किलोमीटरच नसतात. घसारा आणि विमा तिलाही चुकत नाहीत.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकदा गाडी दारात आली की तूही वरच्या पत्रातल्या यजमानांसारखंच म्हणणार : आता पेट्रोल तेवढं घालायचं. आधी भरलेले पैसे डोळ्यांआड होतात आणि ट्रेनचं तिकीट दर वेळी महाग वाटू लागतं. स्वित्झर्लंडमध्ये हीच मनोवृत्ती रेल्वेच्या बाजूने वळवली आहे. वर्षाचं निम्म्या दराचं कार्ड एकदा घेतलं की त्यानंतर बहुतेक तिकिटं अर्ध्या किमतीत मिळतात. कार्डाचे पैसे गेलेलेच असतात, मग माणूस पुढच्या प्रवासाला ट्रेनकडे वळतो. जर्मनीने जून ते ऑगस्ट २०२२ मध्ये महिन्याला ९ युरोंत देशभरच्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्या खुल्या केल्या. लोकांनी त्या इतक्या उचलून धरल्या की मे २०२३ पासून तसाच, पण जास्त किमतीचा, कायमचा मासिक पास सुरू झाला. तू राहतोस तिथे ट्रेनचा किंवा बसचा पास मिळत असेल तर गाडीच्या शोरूममध्ये जायच्या आधी तो घेऊन सहा महिने काढ.

प्रश्न : कामासाठी नेहमी फिरतीवर असतो. विमानाने वेळ वाचतो, पण त्या वेळाची किंमत धरायची कशी?

तिकिटांतला फरक भागिले वाचलेले तास. पण तास दारापासून दारापर्यंतचे मोजा. समजा ट्रेनचं सगळं मिळून १५ लिटर आणि साडेनऊ तास, विमानाचं बॅग-टॅक्सीसकट ४० लिटर आणि साडेपाच तास. २५ लिटर देऊन चार तास मिळाले, म्हणजे तासाला सहा लिटरच्या थोडं वर. आता स्वतःला विचारा, कुणी एवढ्याला एक तास विकायला आणला तर मी घेईन का? उत्तर रोज सारखं येणार नाही, आणि तसं यायचं कारणही नाही.

तास सगळे सारखे नसतात, हे मात्र विसरू नका. रात्रीच्या ट्रेनमध्ये झोपेत गेलेले सात तास वाया गेले असं मी धरणार नाही, ते घरीही झोपेतच गेले असते. शिवाय मुक्कामाचं भाडं वाचलं. विमानाचे साडेपाच तास रांग, तपासणी, प्रतीक्षा, बसणं, पुन्हा प्रतीक्षा अशा तुकड्यांत जातात. त्यात सलग पाऊण तास कागद वाचायला मिळाला तरी पुष्कळ. गाडी स्वतः चालवत असाल तर एकही तास तुमचा नाही.

प्रश्न : सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघ्यांनी हैराण. नऊशे किलोमीटरवर मोठ्या दिरांकडे त्यांना सोडायचं आहे. ट्रेन, विमान, गाडी, काय स्वस्त?

इथे स्वस्त हा शब्द मी बाजूला ठेवते. त्यांना पायऱ्या किती चढाव्या लागतील, किती वेळ एका जागी बसावं लागेल आणि प्रसाधनगृह किती वेळा व कुठे मिळेल, या तीन गोष्टी आधी बघा. नऊशे किलोमीटर गाडीत म्हणजे पंधरा-सोळा तास गुडघे दुमडून. नको. बस त्याच कारणाने नको. विमानात व्हीलचेअरची मदत मागता येते. बऱ्याच कंपन्या ती अठ्ठेचाळीस तास आधी कळवायला सांगतात, तर तिकिटाबरोबरच नोंदवून टाका. ट्रेनमध्ये पाय पसरता येतात, पण डब्यात चढण्याची पायरी आणि प्लॅटफॉर्म बदलण्याचा पूल हे दोन्ही आधी पाहून या.

खर्चात मात्र एक नोंद जरूर करा : सोबत जाणाऱ्या व्यक्तीचं येण्या-जाण्याचं तिकीट आणि त्या व्यक्तीचे दोन-तीन दिवस. हे दिवस बहुधा तुमचेच असणार. ते फुकट धरले की ट्रेन स्वस्त दिसते. ते धरले तर दिरांनी तिकडच्या विमानतळावर घ्यायला यायचं, तुम्ही इकडच्या विमानतळावर सोडायचं आणि मधला प्रवास विमान कंपनीच्या मदतनिसांच्या हवाली, हा पर्याय पैशातही बरोबरीत येतो. सासूबाईंचा त्याला होकार असेल तरच, अर्थात. आधी त्यांनाच विचारा.

प्रश्न : पैसे परत न मिळणारं तिकीट स्वस्त असतं. घ्यावं का?

बेत किती वेळा बदलतो त्यावर आहे. पैसे परत न मिळणारं, म्हणजे बिनपरतीचं, तिकीट ४० लिटरचं आहे आणि पैसे परत मिळणारं ४६ चं, हे दुसरं रद्द केलं तर त्यातले ४० मिळतात, ६ जातात. पहिल्याचे ४० कोणत्याही परिस्थितीत गेले. दुसऱ्याचं असं बघा : दहातले दोन बेत मोडत असतील तर आठ वेळा ४६ आणि दोन वेळा ६, सरासरी ३८. म्हणजे वरून महाग दिसणारं तिकीट तुम्हाला स्वस्त पडलं. दहातला एकच मोडत असेल तर सरासरी ४२, मग बिनपरतीचं घ्या. जादा किमतीला परत मिळणाऱ्या रकमेने भागायचं, ६ भागिले ४०, म्हणजे १५ टक्के. सातातला एक बेत मोडत असेल तर दोन्ही सारखेच. घरात कुणी आजारी असेल, परीक्षेची तारीख ठरलेली नसेल, रजा मंजूर व्हायची असेल, तर तुमचे बेत सातात एकापेक्षा जास्तच मोडतात. तेव्हा पैसे परत मिळणारं तिकीट घ्या, आणि रद्द करायची शेवटची वेळ तिकीट काढतानाच लिहून ठेवा. बऱ्याच ठिकाणी ती गाडी सुटण्याच्या कितीतरी तास आधी संपते.